गजभिये वकील आणि सयाबाईची भिंत

भंडाऱ्याच्या कोर्टात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय म्हणता, तब्येतपाणी?" गजभिये मात्र विचारायचा, "घर कसं हाय?" समोरच्याला वाटायचं, घरच्या मंडळींची चौकशी चालली आहे. तो बायकोचं, लेकराबाळांचं सांगायला लागायचा. गजभिये सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि पुन्हा म्हणायचा, "ते झालं जी. घर कसं हाय? गळते का?"

सुखदेव गजभिये हा भाडेकरूंचा वकील. मी घरमालकांचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढची पंधराएक वर्षं आम्ही बाररूममध्ये एकाच बाकावर बसलो आणि रेंट कंट्रोलरसमोर, म्हणजे घरभाड्याचे तंटे ऐकणाऱ्या साहेबांसमोर, एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिलो. माझ्याबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे, की मी लांजेवार, सिहोऱ्याच्या धानवाल्या कास्तकाराचा मुलगा, आणि स्वभावानं तिरसट. आमची बायको तर तिरसट हा शब्दही माझ्यासाठी मवाळ आहे म्हणते. गजभियेला मी तोंडावर शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हटलं, तोही मला 'लांजेवारसाहेब' म्हणायचा. पण लिहिताना मला 'ते गजभिये' जमत नाही. तसं लिहिलं की कोणी दुसराच माणूस समोर येऊन बसल्यासारखं वाटतं.

बुटका, काळासावळा, केसांना चापून तेल. कोर्टात आमच्या बोटांना शाई असायची, याच्या बोटांच्या सांध्यांना चुना. कोटाच्या उजव्या बाहीलाही चुना. कारण हा माणूस जाईल तिथे भिंती ठोकायचा. आधी बोटाच्या सांध्यानं टकटक, मग भिंतीला कान. लग्नाला गेला तरी नवरदेव बघायच्या आधी मंडपामागची भिंत ठोकून यायचा. खिशात दोरीला बांधलेला पितळी ओळंबा. भिंत सरळ उभी आहे की कलली, हे बघायला गवंडी लोक वापरतात तो. यजमानाच्या भिंतीला ओळंबा लावणारा पाहुणा मी आयुष्यात एकच पाहिला.

तो ओळंबा बापाचा. बाप अड्याळचा गवंडी होता. गावातल्या बऱ्याच घरांच्या भिंती त्याच्या हातच्या, पण भिंती उभ्या झाल्या की त्या घरांत पाय ठेवायला त्याला बंदी. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली आणि घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर स्वतःच्या घराला खिडकी पाडली. "तोपर्यंत आमच्या घराले खिडकीच नव्हती जी," गजभिये सांगायचा. "लोकाच्या घराले पाडून पाडून बुढ्याले आपली आठवणच नाही राहिली. त्या दिवशी सकाळी झोपेतून उठलो तं तोंडावर ऊन! मले वाटलं, भितच पडली." हे सांगताना तो दर वेळी हसायचा. दर वेळी त्याचे डोळेही भरायचे, ते तो कोटाच्या बाहीला पुसायचा आणि चुना डोळ्यात जायचा.

मी पहिल्यांदा त्याची टर उडवली ती बाररूममध्ये. नवा होता. आल्या आल्या त्यानं आमच्या बाकामागची भिंत ठोकली आणि मला म्हणाला, "साहेब, अठी नका बसत जाऊ. वरचा गिलावा फुगला हाय."

"तुम्ही वकील की वैद्य?" मी म्हटलं. सगळे हसले, तोही हसला. मी हट्टानं जागा बदलली नाही. पंधरा दिवसांनी, ऐन चहाच्या वेळी, घमेलंभर गिलावा खाली आला तो माझ्या कपात. कोट, फाईल, मिशा, सगळं पांढरं. गजभिये धावत आला, माझ्या डोक्यावरची माती झटकली आणि विचारलं, "लागलं तं नाही ना जी?" बस, एवढंच. मी सांगितलं होतं, हे त्यानं त्या दिवशी म्हटलं नाही आणि पुढेही कधी म्हटलं नाही. मला त्याचाच जास्त राग आला. मी त्याच्या जागी असतो तर वर्षभर ऐकवलं असतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे तेव्हा बहुतेक घरं मातीच्या भिंतींची आणि कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराची. उन्हाळा सरत आला की छपरावर चढून कवेलू फेरायचे. म्हणजे सगळे काढायचे, झाडायचे, फुटके बाजूला करायचे आणि पुन्हा ओळीनं रचायचे. भाड्याचं घर असलं तर फेरायची मेहनत भाडेकरूची आणि फुटक्यांच्या बदली नवे कवेलू मालकाचे. ही रीत कुठल्या कायद्यात नाही, कुठल्या करारात नाही, पण लहान पोराला विचारलं तरी तोही हेच सांगेल. मालकाला भाडेकरू नकोसा झाला की तो एकच करायचा. नवे कवेलू देणं बंद. मग दोन पावसाळे काय करायचं ते पाऊसच करायचा. तिसऱ्या वर्षी मालक माझ्याकडे यायचा आणि भाडेकरू गजभियेकडे.

तुमसरला राइस मिलमधल्या एका हमालाच्या घराचा असाच खटला होता. घरमालक माझा. साक्षीच्या वेळी तो ठणकावून म्हणाला, "कवेलू माकडाईनं फोडले. माकडं का मी पाळले? मी काय करू त्याले?" मी खूश. हे उत्तर मीच त्याच्याकडून चार वेळा घोटून घेतलं होतं. गजभिये उलटतपासणीला उठला.

"माकडं येतात कुठून जी?"

"मागच्या चिचेवरून."

"चिच कोणाची?"

"माहीच हाय."

"चिचा कोण तोडते?"

"मी तोडतो. बाजारात नेतो."

"म्हणजे झाड तुमचं, चिचा तुमच्या, आन् चिचेवरचे माकडं तेवढे भाडेकरूचे?"

साहेबांनी फाईल तोंडापुढे धरली, पण त्यांचे खांदे हलताना दिसत होते. माझ्या पक्षकारानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. खटला गेला तो गेलाच. बाहेर येऊन बघतो तर गजभिये माझ्याच पक्षकाराला बाजूला घेऊन समजावतो आहे, की चिंचेच्या कोणत्या दोन फांद्या छाटल्या म्हणजे माकडं छपरावर उतरणार नाहीत. मी म्हटलं, "अहो महाराज, तो माझा माणूस आहे!" तर म्हणाला, "घर तं एकच हाय ना जी."

असा हा माणूस. याच्याशी धड भांडताही यायचं नाही.

आणखी एक सांगतो, ते मला लाजेनंच सांगावं लागेल. एकदा एका कामासाठी आम्ही दोघं सिहोऱ्याकडे गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं, म्हणून दुपारी आमच्या घरी थांबलो. आई जुन्या वळणाची. तिनं त्याचं आडनाव विचारलं, आत गेली, आणि पाणी आणलं ते वरून ओंजळीत ओतायला. मी तिथेच छपरीत, दारापुढच्या पडवीत, बसलो होतो. वकील माणूस, जगाशी बोलणारा, आईला एक शब्द बोललो नाही. गजभियेनं ओंजळ पुढे केली, पाणी प्याला, तोंड पुसलं आणि विचारलं, "माय, घर कसं हाय?"

आई जी सुरू झाली! चुलीच्या वरच गळतं, दोन वर्षं झाली, सरपण ओलं होतं, पिठाचा डबा रोज हलवावा लागतो. "आन् हा एवढा मोठा वकील! लोकाच्या घरासाठी भांडून राहिला, पण आपल्या मायच्या घराकडे मान वर करून नाही पाहत." गजभियेनं घराला बाहेरून एक चक्कर मारली आणि सांगितलं, मागच्या बाजूला, आढ्यापासून चौथी ओळ, तीन कवेलू सरकले आहेत. आईनं मला तिथल्या तिथे कोट काढायला लावला आणि शिडीवर चढवलं. खालून हे महाशय, "उजवीकडं, साहेब, आखीन उजवीकडं!" मी घामाघूम होऊन खाली उतरलो तेव्हा दोघं छपरीत बसून चहा पीत होती आणि गजभियेच्या हातात आमच्या घरातली कपबशी होती. पुढे आई भंडाऱ्याला आली की माझ्याआधी त्याची चौकशी करायची.

त्याची काम करायची पद्धत मला वेडगळ वाटायची. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो अर्ज लिहायचा नाही, मग ते घर कुठेही असो. सायकलनं जायचा, एसटीनं जायचा. अर्ज लिहून झाला की भाडेकरूला समोर बसवायचा, एकेक वाक्य वाचायचा, कोर्टाची मराठी आपल्या बोलीत सांगायचा आणि विचारायचा, "खरं हाय का?" समोरचा 'नाही' म्हणाला की ते वाक्य खोडून टाकायचा. पानंच्या पानं पुन्हा टाइप करायला लागायची. आमचा टायपिस्ट त्याला बघून दार लावून घ्यायचा.

मी त्याला किती वेळा सांगितलं, "गजभिये, अर्ज जोरात लिहायचा असतो हो. जोरात लिहिल्याशिवाय साहेब ऐकत नाही."

"उद्या त्याच माणसाले साक्षीले उभं राहावं लागते जी," तो म्हणायचा. "त्याच्या तोंडात माहं वाक्य कायले?"

आणि असा हा माणूस एकदा चुकला. त्या चुकीत माझाही हात होता, म्हणून तर हे सगळं लिहायला बसलो.

सयाबाई पवनीची कोष्टीण. नवरा हातमागावर कापड विणायचा. आमच्याकडे बायका सूत उकलतात, कांड्या भरतात, पण मागावर बसतो तो पुरुष. नवरा गेल्यावर ही बाई स्वतः मागावर बसली. लोक बोलले. ती विणत राहिली, लोक थकले. तिचा माग खड्ड्याचा होता, म्हणजे घराच्या जमिनीतच खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, आणि मागाचे खांब जमिनीत पुरलेले. असा माग उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मोडून नेला तरी नव्या घरात खड्डा खणू देणारा मालक भेटला पाहिजे, आणि एकट्या बाईला तो कुठे भेटणार? घर गेलं की माग गेला, माग गेला की सयाबाईची भाकर गेली.

घरमालक नानाजी माझे पक्षकार. त्यांना तिथे दुकानांची चाळ बांधायची होती. दोन वर्षं त्यांनी कवेलू दिले नाहीत आणि मागच्या भिंतीत पाणी मुरायला लागलं. सयाबाईचं मागणं अगदी साधं होतं. छप्पर नीट व्हावं, भिंतीचा ओला कोपरा बांधून मिळावा.

गजभिये तिचं घर बघायला गेला तेव्हा पावसाची झड लागली होती. मागावर घोंगडी ताणलेली, घोंगडीतून पाणी ठिबकत होतं, आणि सयाबाई ओल्या पाठीनं बसून धोटा फेकत होती. कापड ओलं होऊ नये म्हणून दर चार फेकींनंतर ती पदरानं पुसत होती. ते बघून हा पेटला. अर्जात त्यानं सातवं कलम लिहिलं, "मागील भिंत पूर्णतः जीर्ण झाली असून केव्हाही कोसळेल. सदर घर मनुष्यवस्तीस योग्य राहिलेले नाही."

रीतसर तिला वाचून दाखवलं. "खरं हाय का?"

"नाही जी," सयाबाई म्हणाली. "एवढं नका लिहू. भित अजून मजबूत हाय. कोपराच तेवढा ओला हाय."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वाक्य खोडलं नाही. म्हणाला, "राहू द्या बाई. जोरात लिहिल्याशिवाय साहेब ऐकत नाही."

हे वाक्य माझं. दहा वर्षं मीच त्याच्या कानाशी लागलो होतो. नको तिथे नेमकं ऐकलं त्यानं माझं.

अर्जाची प्रत माझ्याकडे आली, सातवं कलम वाचलं आणि मी खुर्चीत उसळलो. उत्तर अर्ध्या पानात झालं. अर्जदार स्वतःच म्हणते की घर राहण्यासारखं नाही, तर तिनं ते रिकामं करावं आणि मालकाला पाडायची परवानगी मिळावी. नानाजींनी पेढे आणले. मी निर्लज्जासारखे ते बाररूममध्ये वाटले, एक गजभियेच्या हातावरही ठेवला.

"कायचा पेढा जी?"

मी उत्तराची प्रत त्याच्यापुढे सरकवली. त्यानं वाचली. पेढा हातात तसाच. नेहमी टकटक करणारा त्याचा हात पहिल्यांदाच इतका गप्प बघितला.

"माहंच वाक्य उचललं तुम्ही."

"वकील आहे मी," मी म्हटलं.

"हो जी. तुमचं काही चुकलं नाही." पेढा त्यानं टेबलावर हळूच ठेवला. "बाईनं मले सांगितलं होतं. मीच नाही ऐकलं."

त्याच दुपारी एसटी पकडून तो पवनीला गेला. तिथे काय झालं ते मला खूप पुढे सयाबाईनंच सांगितलं. तो दारात उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "बाई, तुमचं घर मी घालवून बसलो. दुसरा वकील करा."

सयाबाईनं त्याच्या हातात पाण्याचा गिलास दिला. "पहिले पाणी प्या. दुसरा कायले करू? कुठं चुकलं ते तुमालेच ठाऊक हाय ना? मंग तुमीच नीट करा." आणि पुन्हा मागावर जाऊन बसली.

पुढच्या तारखेला गजभिये उभा राहिला. कोट धुतलेला, हातात एकही कागद नाही. "साहेब, अर्जातलं सातवं कलम खोटं आहे," तो म्हणाला. "ते अर्जदाराचं म्हणणं नाही. तिनं मला 'नाही' म्हणून सांगितलं होतं. तरी मी लिहिलं. ही चूक माझ्या नावावर लिहून घ्या, पण तिला त्याची शिक्षा देऊ नका."

वकिलानं आपल्या तोंडानं 'मी खोटं लिहिलं' म्हणणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणं. उद्यापासून त्याच्या कुठल्याही अर्जावर कोणीही बोट दाखवलं असतं. मीच दाखवलं असतं. मी उठलो आणि हरकत घेतली, की अर्जावर बाईची सही आहे आणि वकिलाला साक्षीदार होता येत नाही. कायद्यानं माझं बरोबर होतं. पण बोलताना माझा आवाज मलाच कसासा लागला. साहेब थोडा वेळ पेन फिरवत बसले आणि म्हणाले, "मी घर स्वतः पाहतो."

आठ दिवसांनी, दुपारी, आम्ही सगळे पवनीला सयाबाईच्या घरात. साहेब, नानाजी, मी आणि गजभिये. सयाबाई मागाच्या खांबाला धरून उभी. मागावर अर्धं विणलेलं लुगडं. साहेब तिकडचे, मुंबईकडचे. सिमेंटच्या घरात वाढलेल्या त्या माणसाला मातीच्या भिंतीतलं काय कळणार? कोपऱ्यातली ओल बघूनच ते दोन पावलं मागे सरले. "अरे, ही तर पडेल!"

नानाजींनी मान डोलावली. सयाबाईनं खांब आणखी घट्ट धरला.

साहेब गजभियेला म्हणाले, "तुम्ही म्हणे भिंत ठोकून सांगता?"

"सांगतो साहेब. पण आज माझ्यावर विश्वास कसा ठेवाल? पडेल म्हणून मीच लिहिलं. आता मीच म्हणू, नाही पडत?" तो थांबला आणि माझ्याकडे वळला. "लांजेवारसाहेबांना ठोकू द्या. ते समोरच्या बाजूचे आहेत. ते म्हणतील ते आम्हाला कबूल."

"मी?" माझ्या तोंडून निघालं. नानाजींच्या तोंडावर हसू आलं. त्यांचाच वकील, आणखी काय पाहिजे?

गजभियेनं खिशातून ओळंबा काढून माझ्या हातावर ठेवला आणि बाजूला झाला.

बारा वर्षं मी त्या टकटकीची चेष्टा केली होती आणि बारा वर्षं ती ऐकली होती. भिंत भरीव असली की कसा आवाज येतो, पोकळ असली की कसा, हे मला न शिकता येत होतं. मी एका टोकापासून सुरुवात केली. ठोकलं, कान लावला. भरीव. पुढे सरकलो. भरीव. ओळंबा सोडला, दोरी भिंतीला धरून सरळ उतरली. खाली डाव्या कोपऱ्यात दोन हात जागेत मात्र आवाज बसका लागला. तेवढंच. सयाबाईनं पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं, तंतोतंत तेच.

मी वळलो. 'पोकळ' एवढा एकच शब्द म्हटला असता तर खटला माझा होता. साहेबांना काही कळत नव्हतं, नानाजी वाट बघत होते, आणि गजभिये जमिनीकडे बघत उभा होता. त्यानं वर बघितलं असतं, नुसती नजर दिली असती, तर कदाचित मी चिडून खोटं बोललो असतो. माझा काही भरवसा नाही. पण तो बघतच नव्हता.

"भिंत भरीव आहे," मी म्हटलं. "तो कोपरा बांधून घ्यावा लागेल. आणि वर कवेलू पाहिजेत."

नानाजी तडक बाहेर गेले आणि पुन्हा कधी माझ्या ऑफिसची पायरी चढले नाहीत. आपल्याच पक्षकाराच्या विरुद्ध बोलणं वकिलीत बसत नाही, हे मलाही ठाऊक आहे. त्यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. साहेबांनी तिथेच सांगून टाकलं, की मालकानं कोपरा बांधून द्यावा, कवेलू द्यावेत, घर पाडायचं नाही. सयाबाईनं डोळ्यांना पदर लावला, म्हणाली, "बसते जी मी. काम खोळंबलं हाय," आणि आम्ही उभे असतानाच खड्ड्यात उतरून विणायला लागली.

परतीला मी आणि गजभिये एकाच एसटीत, एकाच सीटवर. मी खिडकीशी, तो कडेला. अड्याळला त्याची आई राहायची, म्हणून तो तिथे उतरला. पाऊस नुकताच थांबला होता. कंडक्टरनं घंटी मारली, तेवढ्यात तो खिडकीखाली आला, मान वर केली आणि म्हणाला, "लांजेवारसाहेब, एक सांगू का? तुमच्या जागी मी असतो तं मी भरीव म्हटलं असतं का, ते मले नाही सांगता येत."

आणि एसटी सुटली.

अहो गजभिये! मला ओरडून सांगायचं होतं, तुम्ही ते म्हणून मोकळे झालात की हो! आठ दिवसांआधीच, भर कचेरीत, स्वतःच्या विरुद्ध, आणि तुम्हाला तर कोणी विचारलंही नव्हतं. मला भिंतीपाशी उभं केलं तेव्हा कुठे मी खरं बोललो. तुम्ही आपल्या पायांनी जाऊन बोललात. पण एसटीनं वेग घेतला होता. म्हटलं, उद्या कोर्टात सांगू. उद्या कोर्टात दुसरीच गडबड निघाली. मग परवा. पुढे तीन वर्षं आम्ही त्याच बाकावर बसलो, चहा प्यालो, एकमेकांविरुद्ध दात-ओठ खाऊन भांडलो, आणि एवढी एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. पुरुष माणसाला पुरुष माणसाजवळ असलं काही बोलायला काय होतं, कोण जाणे. मग एका उन्हाळ्यात छातीत कळ येऊन तो गेला.

त्या एसटीनंतर तीन वर्षं त्याला रोज बघितलं, शेवटी दवाखान्यातही बघितलं, पण ते मी धरत नाही. मला शेवटचा दिसतो तो अड्याळच्या थांब्यावर, एसटीच्या मागच्या काचेतून. चिखल होता म्हणून चपला हातात घेतलेल्या, पिशवी काखेत, आईच्या घराकडे चाललेला. त्याला वाटत होतं, आज लांजेवार आपल्यापेक्षा बरा निघाला. तो तसंच समजून गेला, आणि हे मला अजून सहन होत नाही.